मोत्यांची माळ न तुटलेला बॅटमॅन

भाचा नेरूळला राहतो आणि कॉलेजला ठाण्यात येतो, त्यामुळे ट्रान्स हार्बरच्या गर्दीत लटकत मोबाईलवर काय काय बघितलं त्याचा रिपोर्ट आम्हाला रविवारी जेवताना मिळतो. परवा म्हणाला, "मामा, तू म्हणालास म्हणून २०२२ वाला बॅटमॅन लावला, पण खरं सांगू का, पिक्चर दिसलाच नाही, नुसता अंधार आणि मधेच कोणाचं तरी नाक." आणि वर, "सारखं सारखं पहिल्यापासून नवीन कशाला काढतात रे हे लोक?"

पहिल्या तक्रारीवर काय बोलणार, दुपारी उन्हात खिडकीपाशी उभं राहून तो पिक्चर बघणाऱ्याला देवही वाचवू शकत नाही. पण दुसरा प्रश्न मराठी घरात कोणी विचारू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला 'नवीन संचात' अशी जाहिरात लागली की आपण काय करतो? तिकीट काढतो. १९७० ला डॉ. लागूंनी 'नटसम्राट'मधला बेलवलकर उभा केला, मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले, कितीतरी वर्षांनी मोहन जोशी आले आणि कोणी म्हणालं नाही की अरे झालाय ना एकदा, परत कशाला. उलट मध्यंतरात चहा घेताना भांडणं, की ह्याचा 'घर देता का घर' कसा होता आणि त्याचा कसा होता. मग बॅटमॅनवरच एवढा राग का?

माझा राग रीबूटवर, म्हणजे तीच गोष्ट परत पहिल्यापासून सुरू करण्यावर नाहीये, माझा राग त्या मोत्यांच्या माळेवर आहे. १९८९ चा टिम बर्टनचा घ्या, २००५ चा नोलनचा घ्या, २०१६ ला बेन अफ्लेक आला तेव्हा तर स्लो मोशनमध्ये, आणि एवढं कमी म्हणून २०१९ च्या जोकरमध्येसुद्धा, तोच बोळ, छोट्या ब्रूसचे (म्हणजे पुढच्या बॅटमॅनचे) तेच आईबाप, तीच गोळी, आईच्या गळ्यातली तीच माळ तुटून मोती घरंगळत जातायत. अरे माहितीये आम्हाला! दिग्दर्शक मॅट रीव्हजने २०२२ ला सगळ्यात हुशारीचं काम केलं ते हे, की तो सीन दाखवलाच नाही. रॉबर्ट पॅटिन्सनचा ब्रूस बॅटमॅन होऊन दुसऱ्या वर्षात आहे, रोज रात्री मारामारी करून वहीत लिहितोय, आणि महापौराचा खून झाल्यावर तिथे त्या महापौराचा लहान मुलगा बसलाय, त्याच्याकडे बॅटमॅन फक्त बघतो. तेवढं पुरतं. बोळ नाही, मोती नाहीत, एक अक्षर डायलॉग नाही.

आता अंधाराबद्दल, कारण डार्क डार्क म्हणून सगळ्यांना एकाच गोणीत भरतात आणि ते चूक आहे. बर्टनचा अंधार सेटचा होता, लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत बॅटमॅनचं अख्खं गॉथम शहर बांधलं होतं, आणि बांधणाऱ्या अँटन फर्स्टला त्यासाठी ऑस्कर मिळालं. नोलनने उलटं केलं, शिकागोचे खरे रस्ते घेतले, म्हणजे ते शहर तुमच्याआमच्यासारखं दिसायला लागलं, कोणी सकाळी ऑफिसला जात असेल असं (आणि तिसऱ्या भागात ब्रूस त्या तुरुंगाच्या विहिरीतून वर येतो तेव्हा मागे आपला जोधपूरचा मेहरानगड किल्ला दिसतो, थिएटरमध्ये ओरडलो होतो मी). मधल्या काळात १९९७ ला जॉर्ज क्लूनीवाला आला होता, निऑन लाइटचा, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

रीव्हजचा कॅमेरामन ग्रेग फ्रेझर, त्याचा अंधार ओला आहे. डिजिटलवर शूट करून मग ते खऱ्या फिल्मवर उतरवून परत स्कॅन केलंय म्हणे, म्हणून काळ्या रंगातही दाणा दिसतो, नुसता काळा डबा दिसत नाही. पेंग्विन नावाच्या गुंडाच्या गाडीचा तो पाठलाग आठवा, पाऊस, ट्रक, काचेवर पाणी, लाल नारिंगी दिवे पसरलेले. जुलैमध्ये रात्री घोडबंदर रोडने बाईकवर कासारवडवलीपर्यंत गेलेल्या माणसाला तो सीन समजावून सांगावा लागत नाही, हेल्मेटच्या काचेतून अस्संच दिसतं, फक्त शेवटी आपल्याकडे खड्डा असतो. आणि तो पॅसेजमधला सीन, पूर्ण काळोख, फक्त बंदुकीच्या प्रत्येक गोळीच्या उजेडात एक एक ठोसा दिसतो. हे मोबाईलवर कसं दिसेल सांगा.

१७६ मिनिटं जास्त आहेत, मान्य. कॅटवुमनच्या बापाचं प्रकरण अर्धं कापलं असतं तरी चाललं असतं. जियाकिनोचं संगीत मात्र बघून झाल्यावर दोन दिवस डोक्यातून जात नाही, अंत्ययात्रा चाललीये आणि तिला मधेच राग आलाय असं काहीतरी.

पण मला जो भाग खरा लागला तो शेवटचा, ज्याला माझे बरेच मित्र कंटाळवाणा म्हणतात. महापौराचा खून करणारा रिडलर समुद्राचा बांध फोडतो, शहरात पाणी शिरतं, आणि रिडलरचा एक चेला पकडला जातो तो स्वतःचं नाव काय सांगतो, तर 'सूड'. म्हणजे सुरुवातीला बॅटमॅन स्वतःबद्दल जे सांगत होता तेच! तिथे पॅटिन्सनचा चेहरा बघा, मास्क असूनही कळतं की ह्याला आता कळलंय आपण दोन वर्षं शहरात काय पेरलं. आणि मग तो मारामारी सोडतो, पाण्यात उतरतो, लाल मशाल पेटवतो आणि अडकलेल्या लोकांना हात देतो. पहिला हात धरतो तो तोच महापौराचा मुलगा.

हे बघताना मला दुसरं काही सुचूच शकत नव्हतं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, नोलनचा पहिला बॅटमॅन अमेरिकेत रिलीज होऊन दीड महिनाही झाला नव्हता. बाबा कुर्ल्याहून एलबीएस रोडने चालत ठाण्याला आले, छातीएवढ्या पाण्यात अनोळखी लोकांची साखळी करून, पुढे एक जण काठीने उघडं गटार चाचपत होता, त्याचं नाव बाबांना आजही माहीत नाही. केप बिप काही नव्हता त्याच्याकडे. अख्ख्या सुपरहिरो प्रकारात क्लायमॅक्सला हिरो हेच काम करतोय असा पिक्चर मी तरी दुसरा बघितलेला नाही.

रीव्हजचा दुसरा भाग आधी २०२५ ला येणार होता, तारीख दोनदा पुढे गेली आणि २०२७ चा ऑक्टोबर ठरला. आणि डीसीचे पिक्चर सांभाळणाऱ्या जेम्स गनने २०२३ लाच अजून एक वेगळा बॅटमॅन जाहीर करून ठेवलाय, त्यात बॅटमॅनचा पोरगा डेमियन असणार, म्हणजे दोन दोन बॅटमॅन. येऊ देत, बाप झालेला बॅटमॅन कसा वागतो हे मला बघायचंय.

तोपर्यंत २०२४ ची पेंग्विन मालिका बघा, आठच भाग आहेत, कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखूच येत नाही आणि क्रिस्टिन मिलिओटी त्यालाही खाऊन टाकते. त्यात बॅटमॅन एकदाही नाहीये, पण पूर आहे. क्राउन पॉइंट म्हणून गरिबांची वस्ती सगळ्यात आधी बुडालेली आणि वीज सगळ्यात शेवटी येणारी, आणि व्हिक्टर नावाचा एक पोरगा ज्याचं घरदार त्या पाण्यात गेलं. रीव्हजला पुढच्या भागात कोणता का व्हिलन आणायचा असेना, कॅमेरा आधी ह्या वस्तीत न्यावा.