शून्य, उणे आणि कोरा रकाना

मागच्या नोंदीपर्यंत जायकवाडी धरणाच्या पाणीसाठ्याचा एक रेषालेख एका वेबपानावर नीट उमटू लागला होता. तो त्या पानालाच इतका चिकटलेला होता, की येलदरी धरणाचा आलेख काढायचा तर सगळा कोड उचलून दुसरीकडे डकवावा लागे. म्हणून या महिन्यात त्याचे सुटे भाग केले: अक्ष, स्तंभ आणि रेषा हे तीन स्वतंत्र कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण स्वतः घडवलेले एचटीएमएल टॅग. टॅगच्या नावात जोडरेघ लागते आणि टॅगमध्येच लिहिलेल्या अ‍ॅट्रिब्यूटमधून जे येते ते अक्षरमालाच (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर) असते, एवढे ध्यानात ठेवले की सुरुवात अवघड नाही. आकड्यांची यादी मी अ‍ॅट्रिब्यूटऐवजी प्रॉपर्टीतून, म्हणजे थेट जावास्क्रिप्टमधून, देतो.

खरी परीक्षा चित्र काढताना झाली नाही, ती शून्यापाशी झाली.

जायकवाडीचा एकूण साठा 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे. त्यातला 2171 दलघमी जिवंत आणि 738 दलघमी मृत, म्हणजे सहसा वापरात न येणारा. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी जिवंत साठ्याची असते, त्यामुळे 'शून्य टक्के' छापून आले तरी तळाशी सुमारे 26 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असते. हे ठाऊक असूनही मी स्तंभाच्या घटकात 'शून्य म्हणजे तळ' असे गृहीत धरून बसलो होतो. धाराशिव शहराला उजनीचे पाणी येते, म्हणून यादीत उजनीही घेतली, आणि उन्हाळ्यातले आकडे भरताच तिचा स्तंभ गायब झाला. ब्राउझर चुका नोंदवतो तो कन्सोल उघडल्यावर उलगडा झाला. उजनीचा साठा मृत पातळीच्या खाली गेला की तो उणे टक्क्यांत सांगतात. माझ्या सूत्रातून आयताची उंचीही उणे निघाली, आणि एसव्हीजीत, म्हणजे ब्राउझर ज्यातून आकृत्या काढतो त्या भाषेत, उणे उंचीचा आयत ही चूक ठरते, तो काढलाच जात नाही. ज्या धरणाची स्थिती सर्वांत वाईट, नेमके तेच आलेखातून नाहीसे व्हावे, हे मला चांगलेच लागले. आता स्तंभ शून्याच्या रेषेपासून निघतो, उंची दोन बिंदूंतल्या अंतराच्या निरपेक्ष किमतीइतकी असते आणि आयताचा वरचा काठ त्या दोहोंपैकी लहान अंकावर ठेवला जातो, कारण एसव्हीजीत उभा अक्ष वरून खाली वाढतो.

दुसरी चूक अण्णांनी पकडली. आमचे शेत पाथरी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते, त्यामुळे रब्बीच्या तोंडावर त्यांचा आलेखावर डोळा असतो. सकाळीच फोन आला, "काय रे, नाथसागर एका रात्रीत आटला का?" नाथसागर म्हणजे जायकवाडीचाच जलाशय. आदल्या दिवसाचा आकडा भरायचा राहून गेला होता. जावास्क्रिप्टमध्ये कोऱ्या अक्षरमालेचे अंकात रूपांतर केले की उत्तर शून्य येते, कोणतीही तक्रार न करता, आणि रेषा 80 च्या घरातून थेट तळाला टेकून पुन्हा वर आली होती. "अण्णा, तो माझा कोरा रकाना आहे, धरण जागेवर आहे," असे सांगून फोन ठेवला.

आता घटक कोरा रकाना ओळखून तिथे रेषा तोडतो: पाथमध्ये, म्हणजे एसव्हीजीतल्या रेषेच्या वर्णनात, पुढच्या बिंदूला रेघ ओढणाऱ्या 'एल' ऐवजी 'एम' आज्ञा दिली की लेखणी उचलून नव्या जागी टेकते. तुटलेल्या जागी तुटक रेषा जोडून देण्याची पद्धत अनेकांना आवडते. मला ती पटत नाही. ऑगस्टमध्ये वरून विसर्ग येत असताना एका दिवसात पातळी किती चढेल याचा अंदाज मी बांधू नये, मोजमाप नसेल तर मोकळी जागाच दिसावी.

बाकीची कामे किरकोळ होती. आडवा अक्ष 1 जूनपासून सुरू होतो, कारण आमचे पाण्याचे वर्ष तिथूनच मोजले जाते. आरंभाचा महिना अ‍ॅट्रिब्यूट म्हणून दिला आहे, फक्त जावास्क्रिप्टचा जून 6 नसून 5 आहे हे मी दोनदा विसरलो. आकडे देवनागरीत हवे असतील तर जावास्क्रिप्टमधल्या अंक मांडणाऱ्या इंटल नंबरफॉरमॅटला मराठीचा संकेत पुरतो, लाखाचे स्वल्पविरामही आपोआप योग्य जागी पडतात. जिल्ह्यांच्या पर्जन्यालेखात मात्र 'बीड' आणि 'छत्रपती संभाजीनगर' शेजारी आले आणि नावांची गिचमिड झाली. मी अक्षरांची संख्या मोजून रुंदी ठरवत होतो, आणि मराठीत तो हिशेब फसतोच, कारण 'त्र' एकच दिसतो पण संगणकाला तिथे तीन चिन्हे मोजता येतात. आता मजकूर पानावर उमटल्यानंतर ब्राउझरलाच त्याची लांबी विचारतो.

ती लांबी पानावरच्या न उघडलेल्या टॅबमधल्या आलेखासाठी शून्यच मिळते, कारण तिथे मजकूर उमटलेलाच नसतो. टॅब उघडताच आकार बदलल्याचे कळवणाऱ्या रिसाइझ ऑब्झर्व्हरकडून सूचना घेऊन लांबी पुन्हा मोजायची, हे पुढच्या रविवारचे काम.