उंबरातली केंबरं

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याची टाकी, पार्किंग आणि उंबर हे तीन विषय कायमचे. उंबर कुणी लावलेला नाही. कुठल्याशा पाखराच्या विष्ठेतून कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत बी पडलं, आपसूक रुजलं आणि आता त्याने तिसरा मजला गाठला आहे. पिकायला लागला की खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर लगदा, लगद्यावर माश्या आणि झाडणाऱ्या मावशींची कुरकुर. ‘फांद्या तरी छाटा’ असं म्हणणारे असतातच. पण ‘झाड काढा’ म्हटलं की सभा एकदम गप्प होते. औदुंबर आहे ना तो! दत्ताचं झाड. मग ‘पुढील सभेत चर्चा करण्याचे ठरले’ असं लिहून विषय मिटतो आणि चहा येतो.

नरसोबाच्या वाडीला काय, सांगलीकडच्या औदुंबरला काय, दत्ताच्या जागी हे झाड असायचंच. उंबर असेल तिथे खाली पाणी लागतं, असंही विहिरीची जागा बघणारे सांगत आलेत. म्हणजे मान मोठा. पण या झाडाच्या आत काय चाललेलं असतं ते बघायला मात्र आपण तयार नसतो. पुष्कळ दिवसांनी उगवलेल्या माणसाला आपण ‘काय रे, उंबराचं फूल झालास!’ म्हणतो, कारण उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. आणि नको त्या गोष्टी उकरून काढणाऱ्याला ‘उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची?’ म्हणून गप्प करतो. गंमत अशी की दुसरी म्हण मोडली की पहिलीचा उलगडा होतो. उंबर फोडलं की फूल दिसतं. एक नाही, हजारो.

फोडायचं तर ते पडलेलं, पिकून लाल झालेलं उंबर नको. बुंध्यालाच लगडलेल्या घोसातलं, हिरवं पण जरा मऊ पडायला लागलेलं घ्यावं. सुरी जुनी असावी, कारण चीक चिकटतो आणि घासूनही लवकर जात नाही. मधोमध उभं कापलं की आत पोकळी आणि पोकळीच्या सगळ्या भिंतीवर दाटीवाटीने बसलेले गुलाबी-पांढरे कण दिसतात. साध्या भिंगातून बघितलं की ते कण देठावर उभे असलेले समजतात. हीच फुलं. सूर्यफुलाची तबकडी कडेने आत वळवत नेऊन तोंड आवळून टाकावं, असा हा प्रकार. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरं तर आतून फुललेली बंद खोली. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक तोंड असतं आणि तेही खवल्यांनी असं गच्च मिटलेलं की मुंगीसुद्धा आत शिरणार नाही.

मग परागकण आत जायचे कसे? मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, वारा तर नाहीच. या कामाला एकच कीटक आहे: जेमतेम दोन मिलिमीटरची, काळपट रंगाची गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी. तीच आपली केंबरं. उंबराला उंबराचं केंबरू, वडाला वडाचं, पिंपळाला पिंपळाचं. जगात या अंजीरकुळातली साडेसातशेहून जास्त झाडं आहेत आणि बहुतेकांची माशी ज्याची त्याची. आतली फुलं तयार झाली की उंबर एक विशिष्ट वास सोडतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण त्या माशीला बरोबर कळतो.

मादी त्या मिटलेल्या तोंडातून डोकं खुपसते. खवले इतके घट्ट असतात की आत घुसताना तिचे पंख उपटले जातात, मिशांचे तुकडे पडतात. भिंग असेल तर उंबराच्या तोंडाशी अडकलेले पंख दिसतातसुद्धा. मला पहिल्यांदा ते कुसळ वाटलं होतं. आत गेलेली मादी परत बाहेर येत नाही. अंधारात फुलाफुलावरून फिरते, काही फुलांत अंडी घालते आणि छातीजवळच्या दोन खिशांत भरून आणलेले परागकण पायांनी काढून फुलांवर टाकत जाते. हे नीट लक्षात घ्यायला हवं. अंगाला चिकटलेले पराग चुकून सांडले, असा हा मामला नाही. ती ते काम म्हणून करते. मग तिथेच मरते.

पुढचे काही आठवडे उंबर बाहेरून निवांत दिसतं. आत काही फुलांचं बी होत असतं आणि काहींच्या गाठी होऊन त्यांत अळ्या वाढत असतात. आधी नर बाहेर पडतात. हे नर बघितले की कुणालाही हे माशीचं पोर आहे असं वाटणार नाही: मधाच्या रंगाचे, पंख नसलेले, डोळे नावापुरते, अंग दुमडलेलं, जबडा मात्र दणकट. ते माद्यांच्या गाठी पोखरतात, मादी आत असतानाच मीलन उरकतात आणि मग सगळे मिळून उंबराच्या भिंतीला भोक पाडायला लागतात. त्या भोकातून जायच्या आहेत माद्या. नरांना पंखच नाहीत, ते जाणार कुठे? भोक आरपार झालं की त्यांचं आयुष्य संपलं.

पिंपळाच्या फळांवर १९७०च्या दशकात एक सुंदर अभ्यास झाला होता. बंद फळात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्या कोंदट हवेत नर झपाट्याने काम करतात आणि माद्या मरगळून पडून असतात. नरांनी भोक पाडलं की बाहेरची हवा आत येते आणि माद्या जाग्या होतात. म्हणजे दार उघडल्याचा निरोप हवेनेच द्यायचा! तेव्हापासून देवळाच्या पारावरच्या पिंपळाखालून जाताना माझं लक्ष वर जातं. दिसत काहीच नाही, ही गोष्ट वेगळी.

जाग्या झालेल्या माद्या आतल्या नरफुलांकडून पराग खिशात भरून घेतात आणि नरांनी पाडलेल्या भोकातून उडून जातात. आता हातात वेळ किती? एखाद-दोन दिवस. या माशीला पोटभर खाणंपिणंही ठाऊक नाही. त्यातही एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे स्वतःच्या झाडावर तिच्या कामाचं उंबर सहसा मिळत नाही. दुसरं झाड शोधायचं, तेही नेमकं त्याच अवस्थेतलं. एवढुशा पंखांनी वाऱ्याविरुद्ध जाणं शक्यच नाही, म्हणून ती वर चढते आणि वाऱ्यावर स्वतःला सोडून देते. नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीच्या काठाने उंबराचं एक आफ्रिकन भावंड तुरळक वाढतं. तिथल्या झाडांच्या आणि बियांच्या आनुवंशिक खुणा ताडून २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की या माश्यांनी १६० किलोमीटरवरच्या झाडांचे पराग आणले होते. पुण्याहून निघून मुंबईच्या पलीकडे पोचल्यासारखं हे अंतर झालं, आणि आयुष्य दोन दिवसांचं.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, ‘बघा, निसर्गात कसं प्रेम असतं! नाहीतर आपण माणसं.’ मला हे काही पटत नाही. प्रेमबिम काही नाही, हा रोखठोक व्यवहार आहे आणि म्हणूनच तो साताठ कोटी वर्षं टिकला. झाड म्हणतं, माझी काही फुलं तुझ्या पोरांना देते, बाकीच्यांत मला बी धरून दे. पराग न आणता नुसती अंडी घालून गेलीस तर? पनामातल्या संशोधकांनी मुद्दाम बिनपरागाच्या माद्या तिथल्या अंजीरकुळातल्या फळांत सोडून पाहिल्या. जिथे माशीने पराग वाहण्याचं काम स्वतः करायचं असतं अशा जातींत झाडांनी तसली फळं जास्त प्रमाणात गाळून टाकली, किंवा त्यांत पिल्लंच कमी निपजली. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

तरी लबाड असतातच. त्या आफ्रिकन भावंडावर केंबराच्या दोन जाती आत शिरतात. एक इमानाने पराग टाकते. दुसरी आत जाते, अंडी घालते, आणि परागाचं नाव नाही. शिवाय बाहेरून हात मारणारे वेगळेच. आपल्या उंबरावर दुपारी निवांत उभं राहिलं तर शरीराहून कितीतरी लांब, केसासारखं शेपूट असलेल्या माश्या फळाच्या सालीवर फिरताना दिसतात. ते शेपूट म्हणजे अंडी घालायची नळी. ती भिंतीतून आरपार खुपसून त्या आतल्या गाठींत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आधीच्या पोरांच्या जिवावर वाढतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या नळीचा अभ्यास झाला. नळीच्या टोकाशी दात असतात आणि त्या दातांत जस्त सापडलं. कच्च्या उंबराची भिंत भोसकायची तर नुसत्या कीटकाच्या कवचाने भागत नाही, टोक कणखर लागतं. आणि केंबरांच्या अंगात बसून एका उंबरातून दुसऱ्यात फुकट प्रवास करणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंतही आहेत. वर पुन्हा झाडावर मुंग्या टपलेल्या, भोकातून बाहेर येणारी केंबरं मटकावायला.

एवढ्या सगळ्या भानगडीचा फायदा मात्र भलत्यांनाच जास्त. केंबरांचा वंश चालू राहायचा तर आसपास कुठलं ना कुठलं झाड सतत फळावर असावं लागतं, म्हणून एका उंबराची फळं संपली की दुसऱ्याची सुरू होतात. बाकी रानात काही पिकलेलं नसतं त्या दिवसांतही उंबर असतं. हरियाल, तांबट, धनेश, रात्री वटवाघळं, खाली पडलेल्यावर भेकरं आणि रानडुकरं, ओढ्यावर झुकलेली फांदी असेल तर मासेसुद्धा. आमच्याकडे बुलबुल येतात, आणि अर्थात कावळे.

हे सगळं शेजारच्या काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “मग अंजीर उपासाला चालतं का नाही?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जैन परंपरेने तो कधीच निकालात काढलाय: वड, पिंपळ, उंबर अशी याच कुळातली पाच फळं वर्ज्य, आत जीव असतात म्हणून. भिंग नसलेल्या काळात कुणीतरी उंबर फोडून नीट बघितलं होतं, हे त्यावरून उघड आहे. बाजारातल्या अंजिराची गोष्ट मात्र दोन प्रकारची. तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीच्या अंजिराला माशी लागतेच. ती झाडं १८८०च्या दशकात कॅलिफोर्नियात नेली, वाढली छान, पण फळं काही धरेनात. कच्चीच गळून पडायची. स्मर्नाकडचे बागायतदार जंगली अंजिराची फळं माळेत ओवून बागेत टांगतात, ही कॅलिफोर्नियातल्या लोकांना खुळी समजूत वाटायची. शेवटी जंगली अंजिराची झाडं लावली, माशी आणली आणि १८९९ मध्ये ती फ्रेस्नोजवळ रुजली, तेव्हा कुठे फळ हाताला लागलं.

आपलं पुरंदरचं अंजीर तसं नाही. ते माशीवाचून, परागावाचून, बी न धरताच फुगतं आणि पिकतं. त्यात माशी जायचं कारणच नाही. काकूंना एवढं पुरलं. आता त्यांची तक्रार दुसरी आहे: खट्ट्या बहराचं अंजीर गोड नसतं आणि मीठा बहर येईपर्यंत गाडीवाला भाव खाली आणत नाही.