तुम्ही विचारलंत म्हणून: अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप कुठला हवा?

"ताई, बिल्ट-इन पिकअपवाली गिटार घ्यायचीय, फिशमनवाली घेऊ, टेलर घेऊ की यामाहा?" क्लासमध्ये, कार्यक्रम संपल्यावर विंगेत, व्हॉट्सअॅपवर, हा प्रश्न मला सतत येतो. आणि कंपनीचं एक नाव सांगून मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाहीये, म्हणून आज नीट बसून लिहितेय. पिकअप म्हणजे गिटारचा आवाज टिपून तो अँपकडे किंवा स्पीकरकडे पाठवणारा भाग.

माझं मत आधीच सांगून टाकते. पिकअप निवडायचा तो तुम्ही ज्या स्टेजवर वाजवणार आहात त्या स्टेजवर केवढा आवाज असतो ते बघून, दुकानात किती गोड वाजला यावरून नाही. दुकानात सगळ्यात गोड वाजणारी सिस्टीम गणपती मंडळाच्या ऑर्केस्ट्रात, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि समोर दोन मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, असताना, बहुतेक वेळा सगळ्यात आधी घुमायला लागते, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून वाढतच जातो. आणि तिथे ठामपणे टिकणारी सिस्टीम दुकानात जरा कोरडीच वाटते.

हे असं का होतं ते कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. बहुतेक गिटारींमध्ये सॅडलच्या खाली, म्हणजे तारा जिथे फळीवर बांधलेल्या असतात त्या ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीखाली, एक पातळ पिएझो पट्टी असते. पिएझो म्हणजे दाब पडला की वीज तयार करणारा पदार्थ, हा गुण जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवला. 1960च्या दशकाच्या शेवटी ओव्हेशन कंपनीनं गिटारच्या सॅडलखाली तो बसवून विकायला सुरुवात केली आणि ग्लेन कॅम्पबेलसारखा गायक टीव्हीवर ती गिटार घेऊन उभा राहिला, तिथून हे सगळीकडे पसरलं. तारेचा दाब थेट सॅडलवर, सॅडलचा पट्टीवर, त्यामुळे आवाज स्पष्ट, जोरदार, आणि आजूबाजूचा गोंगाट त्यात फारसा शिरत नाही. पण गिटारचा आवाज फक्त तारेचा नसतो हो, पुढची फळी हलते, पोटातली हवा हलते, ते सगळं मिळून तो आवाज बनतो, आणि हे पट्टीला फार थोडं कळतं. छातीला स्टेथोस्कोप लावून माणसाचं बोलणं ऐकावं तसं काहीसं. जोरात स्ट्रम केलं की जो प्लास्टिकसारखा "क्वॅक" आवाज येतो तो यातूनच येतो.

आता कंपन्या. फिशमनचे सोनिटोन, प्रेसिस वगैरे प्रीअँप (पिकअपचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) परवडणाऱ्या गिटारींमध्ये खूप दिसतात, ते मुख्यतः सॅडलखालच्या पट्टीवरच चालतात, कामाला चांगले आहेत आणि तुमचा पहिलाच कार्यक्रम असेल तर यापेक्षा जास्त काही लागत नाही. टाकामिनेचा पॅलाथेटिक पिकअप वेगळा आहे, प्रत्येक तारेला स्वतःचा पिएझो, असे सहा, आणि ते ब्रिजमध्ये पक्के बसवलेले. त्यामुळे तारांचा समतोल छान राहतो, आणि मोठ्या आवाजाच्या स्टेजसाठी मला विचाराल तर बिल्ट-इनमध्ये माझा कल टाकामिनेकडेच आहे. यामाहाची एपीएक्स गिटार मुळातच स्टेजसाठी केलेली, पोट पातळ, त्यामुळे घुमणं कमी. पण घरी बसून नुसती वाजवाल तर आवाज तेवढा भरत नाही हे धरून चला.

टेलरचं काम जरा बारकाईनं सांगण्यासारखं आहे. 2003 मध्ये त्यांनी रूपर्ट नीव्ह यांच्याबरोबर, म्हणजे ज्यांच्या नावाचे कन्सोल (मोठे मिक्सर) जगभरच्या स्टुडिओत असतात तेच, एक्स्प्रेशन सिस्टीम आणली, ती मॅग्नेटिक सेन्सरवर चालायची. मग 2014 मध्ये आली ईएस2, आणि त्यात त्यांनी पिएझोकडेच परत येऊन त्याची जागा बदलली, सॅडलच्या खाली न ठेवता मागे तीन सेन्सर लावले. त्यांचं म्हणणं असं की तार वाजते तेव्हा सॅडल खाली दाबला जातो त्यापेक्षा मागेपुढे जास्त डुलतो, तर ते डुलणंच पकडू. ऐकायला खरंच मऊ लागतं, फिंगरस्टाइलला तर फारच. ब्रिजवर मागे जे तीन बारीक स्क्रू दिसतात त्यांच्यावर सेन्सरचा दाब ठरतो, ते घरी फिरवत बसू नका, कारागिराकडे द्या.

एलआर बॅग्सचा अँथेम माझ्या मते कानाला सगळ्यात खरा लागतो. त्यात आत ब्रिजच्या खालच्या बाजूला एक छोटा माइक असतो आणि सॅडलखाली पिएझोपण. 250 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 250 कंपनांच्या, खालचा भाग पिएझो सांभाळतो, वरचा बहुतेक आवाज माइककडून. ही वाटणी फार विचारपूर्वक केलीय, कारण गिटार घुमते ती मुख्यतः खालच्याच सुरांत. मोठ्या पोटाच्या गिटारमध्ये हवेचं घुमणं, म्हणजे पोटातली हवा ज्या सुराला सगळ्यात जास्त थरथरते तो सूर, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतं, म्हणजे जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी, तो 98 हर्ट्झ, आणि फळीचं घुमणं साधारण 200च्या आसपास, म्हणजे मोकळी जी तार, 196. वाजवताना तुमचा जी कॉर्ड अचानक फुगला तर कारण हे असतं बरं का, बोटांचा दोष नाही! अशा वेळी मास्टर आवाज कमी करू नका, प्रीअँपवर नॉच (एकच बारीक सूर कापणारं बटण) असेल तर तो वळवत त्या जागी आणा किंवा साउंडवाल्या दादांना सांगा की 100 आणि 200 जवळ थोडं कापा. फेजचं बटण (सिग्नल उलटा करणारं) असेल तर तेही दाबून बघा, मॉनिटर कुठे ठेवलाय त्यावर कधी दाबलेलं बरं कधी न दाबलेलं. आणि साउंडहोलला लावायचं रबरी झाकण मिळतं, दिसायला साधं पण हवेचं ते घुमणं बऱ्यापैकी आवरतं.

पण माइक आहे म्हटल्यावर तो शेजारचा तबला पण ऐकणारच ना. म्हणून अँथेमसारखी सिस्टीम कोणाला, तर गोव्यातल्या शॅकमध्ये एकटा गाणारा वाजवणारा, किंवा छोट्या हॉलमधली भावगीतांची मैफल, जिथे गिटार, तबला, पेटी आणि एक गायिका एवढंच आहे. तिथे ती घ्याच. मोकळ्या मैदानात माइकचं बटण जवळजवळ बंद करून निव्वळ पिएझोवरच वाजवावं लागतं, मग त्या माइकचे पैसे कशाला द्यायचे?

साउंडहोलमध्ये बसवायचे मॅग्नेटिक पिकअप पण आहेत, फिशमनचा रेअर अर्थ, बॅग्सचा एम80, घुमण्याला चांगले टिकतात, पण आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो आणि नायलॉनच्या तारांना ते चालतच नाहीत, कारण त्यांना लोखंड लागतं. के अँड के प्युअर मिनी म्हणजे ब्रिजखाली आतून चिकटवायच्या तीन पिएझो चकत्या, सेल नाही, बटणं नाहीत, आवाज लाकडाचा. फक्त तो थेट मिक्सरला लावला तर खालचा आवाज जातो आणि गिटार पातळ ऐकू येते, कारण पिएझोला समोर फार मोठा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, लागतो, 1 मेगाओहमच्या आसपासचा, आणि मिक्सरच्या साध्या इनपुटला तो काही हजार ओहमच असतो. मध्ये चांगला प्रीअँप किंवा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) हवाच.

आणि एक गोष्ट जी कोणी विचारत नाही पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. माझ्याकडे मुलं गिटार घेऊन येतात, "ताई पिकअप खराब झालाय, बी तार ऐकूच येत नाही," आणि बघावं तर पिकअप ठणठणीत असतो, सॅडलचा तळ सपाट नसतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेनं फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, मग घरी पॉलिश पेपरवर सॅडल घासून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली आणायचा प्रयत्न होतो आणि तळ वाकडा होतो. तिथे एका तारेखाली पट्टीवर दाबच पडत नाही. हजारोंची सिस्टीम असली तरी तिचा आवाज त्या अर्ध्या मिलिमीटरवर अवलंबून असतो, म्हणून सॅडल घासायचाच तर जाणकार माणसाकडून.

सेलचं पण सांगते. बहुतेक प्रीअँपमध्ये केबल जॅकमध्ये घातली की सेल चालू होतो, तुम्ही वाजवा किंवा नका वाजवू. मध्यंतरात केबल काढून ठेवा, पण काढायच्या आधी साउंडवाल्यांना तुमचा चॅनल बंद करायला सांगा, नाहीतर स्पीकरमधून जो धमाका होतो त्यानं स्पीकरही जातो आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांचा जीवही.

पैसे मोजकेच असतील तर? माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी लाकूड बघा. सॉलिड टॉप, म्हणजे पुढची फळी अख्ख्या लाकडाची, असलेली साधी गिटार घ्या, पिकअप नंतर बसवता येतो, लाकूड नंतर बदलता येत नाही. बटणांचं मोठं पॅनल आणि आत ट्यूनर बघून प्लायवूडची गिटार घेऊ नका.

दुकानात गेलात की आधी केबल न लावता वाजवून बघा. मग ईक्यूची (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची) सगळी बटणं मधे आणून अँपला लावा आणि सहाही तारा एकेक करून सारख्याच जोरानं छेडा, एखादी दबलीय का ऐका. मग अँपकडे तोंड करून उभं राहा आणि आवाज हळूहळू वाढवत जा, कुठल्या आकड्यावर घुमायला लागते ते बघा, आणि दुसऱ्या गिटारला त्याच जागी उभं राहून, त्याच अँपवर तेच करा. दुकानदार थोडे वैतागतील, पण नम्रपणे विचारलंत तर करू देतात. जमलं तर ते रबरी झाकण सोबत न्या, लावून आणि काढून दोन्ही ऐका.