तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिनेमात जमिनीचा एजंट असता तर

जालन्यात जमिनीचे व्यवहार करणारा माणूस म्हटल्यावर तुम्ही पोरं हा प्रश्न मला हटकून विचारता. मारधाडीचा सिनेमा बघून आलेले असता. गोष्ट बहुतेक ठरलेली: गावात एक दांडगा शेठ, त्याला हिरोच्या बापाची जमीन पाहिजे, बाप देत नाही. गुंड कडब्याची गंजी पेटवतात, बापाचा अंगठा कोऱ्या स्टॅम्पवर उठवतात, जमीन जाते, आणि मग पोरगा शेवटपर्यंत हाणत सुटतो. "काका, तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?"

मनापासून उत्तर देतो, कारण असली भांडणं माझ्या रोजच्या कामातली आहेत.

त्या पोराला मी आधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं असतं. नुसता अंगठा उठवला म्हणून जमीन जात नाही. खरेदीखत नोंदवल्याशिवाय मालकी फिरत नाही, आणि सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो दस्त नोंदणीला न्यावा लागतो. तिथलं टेबल एकदा जवळून बघा. लिहून देणाऱ्याला खुर्चीवर बसवतात. समोरच्या कॅमेऱ्यात फोटो, काचेवर अंगठा, शेजारी त्याला ओळखणारे दोन जण. साहेब विचारतात, "दस्त तुम्ही करून दिलाय, मान्य आहे का?" बाप तिथं "मी करून दिला नाही" म्हणाला की नोंदणी नाकारावी लागते. धाकापोटी "हो" म्हणाला असेल तरी वाट बंद होत नाही; १८७२ च्या करार कायद्यात जबरदस्तीचा करार मोडायचा हक्क त्याला आहे, दिवाणी कोर्टात तो मागता येतो. पुढं फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची, नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. साध्या कागदावरच्या चार ओळींनी नोंद मंजूर व्हायची थांबलेली मी कितीदा तरी बघितली आहे.

आता बघा, या एका जबरदस्तीला किती माणसं लागतात. दस्त लिहिणारा, ओळख देणारे दोघं, साक्षीदार, आणि सगळ्यांच्या आधी गट नंबर शोधून शेठच्या हातात देणारा. तो एजंट असतो. सिनेमात तो दिसत नाही, पण बापावर कर्ज किती, चुलत्याचं नि त्याचं पटतं का, पोरीचं लग्न कधी निघालंय, हे शेठला त्याच्याशिवाय कळणार कसं? गावोगावची ही माहिती आमच्याकडंच असते. म्हणून माझं खरं उत्तर हे आहे की शेठ पहिल्यांदा माझ्याकडं आला असता, आणि मी म्हटलं असतं, "मालक, या व्यवहारात मी नाही. ओळख द्यायलाही माझा माणूस येणार नाही." एवढं बोलायला छाती लागते, मान्य. पण आमच्या धंद्यातल्या ज्यांनी हे बोलायचं सोडून दिलं, त्यांचा मला राग येतो. गंजी पेटवणाऱ्यापेक्षा जास्त येतो.

तसं आपल्याकडं जमीन बंदुकीपेक्षा उसनवारीनं जास्त जाते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षांत बोअर, बियाणं, लग्न, दवाखाना सगळं हातउसन्यावर चालतं. सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो आणि तोंडी सांगतो, "पैसे दिले की परत फिरवून देतो." पैसे फिटतात, जमीन काही फिरत नाही. अशा वेळी माणसाचा हात कुऱ्हाडीकडं का जातो ते मला कळतं. पण २०१४ चा सावकारी कायदा नेमका इथंच कामाला येतो. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करायचा. सावकारानं १५ वर्षांच्या आत कर्जापोटीच जमीन घेतली होती असं चौकशीत ठरलं, तर उपनिबंधक ते खरेदीखत अवैध ठरवून जमिनीचा ताबा परत देऊ शकतो.

या चौकशीत एजंटाचा मोठा उपयोग आहे. त्या वर्षी त्या शिवारात एकरी भाव काय चालला होता, हे मला माहीत असतं. शेजारचा गट दहा लाखाला गेला आणि हाच दोन लाखाला कसा काय गेला? खरेदीनंतरही विहिरीवरच्या मोटारीचं बिल कोण भरत होतं, पीकविमा कुणी काढला, सातबाऱ्यातल्या पीकपाहणीत, म्हणजे बारा नंबरला, पेरा कुणाच्या नावानं लागलाय? हे कागद गोळा करून, तारखेवार फाईल लावून देणं माझं काम.

मराठवाड्यात तर अजून मागं जावं लागतं. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं जुनी कागदपत्रं वेगळी. १९५४-५५ चं खासरा पत्रक काढल्याशिवाय मी पुढं पाऊल टाकत नाही. त्यात कधी इनामाची नोंद निघते, कधी १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यातलं संरक्षित कूळ. वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, जमीन तशीच घेतलेली असली की शेठचं स्वतःचंच खरेदीखत अडचणीत येतं.

आणि आत्या! सिनेमात चुलता फितूर होऊन सही देतो, आत्याला कुणी विचारतच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला, आणि तो जन्मापासूनचा आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आधीच रीतसर वाटणी झालेली नसेल आणि आत्यानं हक्कसोड दिलेलं नसेल, तर चुलता फार तर आपल्या हिश्श्याचं बोलू शकतो. मी हिरोला आत्याच्या गावी पाठवलं असतं. आधी तिची विचारपूस करायला, कागदाचं नंतर.

शेठला नेमकं काय पाहिजे, हेही सिनेमात कुणी विचारत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, थेट खरेदीत पाचपट मोबदला मिळाला. असा रस्ता यायचा असला की शेठचं सगळं बळ गुपितात असतं. पारावर नकाशा उलगडून गट नंबर मोठ्यानं वाचून दाखवले, तर त्याचं निम्मं बळ तिथंच संपतं.

पण दरवेळी जमिनीचा भावच आड येतो असं नाही. बदनापूरकडं भावकीतल्या दोन घरांचं वाटेवरून टोकाला गेलं होतं, काठ्या निघाल्या होत्या. एकाला बैलगाडीपुरती वाट पाहिजे, दुसऱ्या घरचा म्हातारा कितीही पैसे देऊ केले तरी ऐकेना. मोजणीचा नकाशा घेऊन मी त्या म्हाताऱ्याबरोबर एकटाच बांधानं चालत गेलो. एका लिंबाखाली तो थांबला. पायानं पाचोळा बाजूला सारला. खाली चार दगड रचलेले. "इथं माय हे माझी," म्हणाला. मागितलेली वाट बरोबर त्यावरून जात होती, आणि वाट मागणाऱ्या घराला याचा पत्ताच नव्हता. त्यांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांचा थोरला बराच वेळ काही बोलला नाही. वाट बांधाच्या पलीकडून वळवली. बैठकीत पैशाचा विषयसुद्धा निघाला नाही.

दोन घराण्यांच्या पिढीजात वैराचा सिनेमा असेल तर एक सोय मुद्दाम सांगतो. याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या, आणि असं १२ वर्षांच्या वर चाललेलं असेल, तर अदलाबदलीसाठी शासनानं जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. त्यात मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये ठेवली होती. तलाठी जागेवर येऊन पंचनामा करतो. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका गाडीत बसवून कचेरीपर्यंत नेणं, एवढाच अवघड भाग. ते मी केलं असतं.

तेव्हा आता घरी गेलात की बापाला दोन गोष्टी विचारा. सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार कुठं ठेवलेत? आणि तोंडी बोलीवर कुणाला खरेदीखत करून दिलंय का? दिलं असेल तर त्यावरची तारीख बघा. १५ वर्षं उलटायच्या आत माझ्याकडं या, नाहीतर सरळ उपनिबंधकाकडं जा.