रिकामा रकाना

सकाळी वालक्पाला पोचलो तर आमचा खुंटा जागेवर नव्हता. आदल्या दिवशी खणायचा चौकोन आखायला समुद्राकडच्या कडेपासून दीड हात आत ठोकला होता. रात्रीतून तेवढी जमीन घसरून खाली वाळूवर गेली होती.

वालक्पा अलास्कात, उत्किआग्विक गावापासून वीसेक किलोमीटरवर, चुक्ची समुद्राला लागून. इन्युपिआत लोकांची ही जुनी वस्ती; घरांवर घरं पडून टेकाड झालेलं. १९६८-६९ मध्ये इथे मोठं उत्खनन झालं. त्याच १९६८ साली आपल्याकडे घोड नदीकाठी इनामगावला खणायला सुरुवात झाली. मी पुण्यात शिकले ती त्याच शिस्तीत: आधी चौकोन आखायचा, मग एकेक थर, घाई करायची नाही. गोठलेल्या जमिनीत तर घाई शक्यच नसते. उन्हानं सुटेल तेवढी बोटभर माती खरवडायची आणि खालची सुटेपर्यंत थांबायचं.

आता समुद्र थांबू देत नाही. पूर्वी शरदात किनाऱ्याला बर्फ धरायचा, लाटा अडायच्या. तो आता उशिरा येतो आणि वादळं थेट टेकाडावर आदळतात. २०१३ मध्ये कडेत उघडं पडलेलं एक घर २०१४ च्या वादळात बरंचसं गेलं.

खाली उतरून ढिगारा चाळायला घेतला. वितळलेल्या मातीला सीलच्या तेलाचा वास येत होता, शेकडो वर्षांपूर्वीच्या! इनामगावला लाकूड, चामडं कुठून मिळणार. खापरं, हाडं, जळकं धान्य एवढंच. इथे माझ्या हातात उलुची अख्खी लाकडी मूठ आली. उलु म्हणजे बायकांची अर्धगोल पात्याची सुरी. पातं नव्हतं, पण मुठीवर पकडीनं पडलेली खळगी गुळगुळीत होती.

गावातल्या एक आजी मदतीला आल्या होत्या. त्यांनी मूठ उजव्या हातात धरली, मग डाव्या. डाव्यात अंगठा बरोबर खळगीत बसला. "डावखुरी होती," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांनी ती सोडली नाही.

मूठ वाळली तर तडकते, म्हणून ओल्या शेवाळात गुंडाळून डब्यात ठेवली. वर घराचा कोपरा अजून गोठलेला होता, भरती चढत होती. आम्ही ढेकळंच्या ढेकळं बादल्यांत भरली. मोजमाप, रेखाटन काही नाही. संध्याकाळी लेबलं लिहायला बसले. मुठीच्या लेबलावर थराचा रकाना होता. तो मी रिकामा सोडला.