माहेरी, भोगी ते कर

भोगी

धाकटीला आज मी न्हाऊ घातलं, आईच्या देखरेखीखाली. पावसाळ्यात आलो होतो तेव्हा आईच पाटावर बसायची, पाय लांब करून तिला पायांवर घ्यायची. आता पाटावरून उठताना आईला नळाला धरावं लागतं. एका हातात तेलाने निसरडं झालेलं बाळ आणि दुसऱ्या हाताने नळ, हे मला बघवेना. म्हटलं, मी बसते, तू सांग.

आई दारात स्टुलावर बसली. "पाय जुळव, मध्ये फट नको. आता पालथी घाल. कपाळाखाली हात धर, पाणी नाकात जाता कामा नये. आधी पाठीवर धार सोड. डोकं शेवटी." पोर सात महिन्यांची झाली आहे. पालथी घातली की कोपरं रोवून पुढे सरकायला बघते, त्यामुळे एक हात सतत तिच्या कमरेवर. मसुराच्या पिठात हळद आणि साय आईने कालवून ठेवली होती. ती मानेच्या वळ्यांमध्ये, काखेत, जांघेत कशी फिरवायची, किती जोर द्यायचा, हे ऐकून समजत नाही. शेवटी आईने पुढे वाकून माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि तेवढा दाब दिला. मग कळलं.

धुरी आता आमच्या घरी बंद आहे. लहान फुप्फुसांना धूर नको, असं डॉक्टरांनी थोरल्याच्या वेळीच सांगितलं होतं आणि आईने ते एका शब्दात मान्य केलं होतं. ओव्याची पुरचुंडी मात्र तव्यावर गरम होते, आधी आईच्या मनगटावर टेकते आणि मगच धाकटीच्या छातीवर येते. सध्या थंडीही तशीच आहे. निफाडचा पारा किती उतरला हे बाबा रोज सकाळी पेपरातून मोठ्याने वाचतात आणि थोरल्याला कानटोपी घालतात. तो ती काढतो. ते परत घालतात.

दुपारी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, भोगीची लेकुरवाळी भाजी, मुगाची खिचडी. थोरल्याने भाजीतले ओले हरभरे वेचून घेतले, बाकीचं ताट माझ्याकडे सरकवलं. अडीच वर्षांचं मूल सणाच्या दिवशी एवढं जेवलं तरी पुष्कळ झालं. धाकटीला खिमट.

संध्याकाळी बाबांनी द्राक्षं आणली. हंगाम नुकताच उघडतोय, अजून जराशी आंबट आहेत. मिठाच्या पाण्यात बराच वेळ ठेवली, मग चोळून धुतली, आणि चष्मा लावून सुरी घेऊन बसले. एकेक द्राक्ष उभं चिरायचं, मग परत उभं, चार फोडी. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात नेमकं अडकतं, आडवं कापलं तरी गोल चकती अडकू शकते, म्हणून उभ्याच फोडी करायच्या, हे मी एकदा फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं. बाबांनी परत विचारलं नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं छापील ताव डोळ्यांखालून घातले, कुठे रेघ पुसट आहे, कुठे शाई फुटली आहे ते शोधलं. त्याच नजरेने वाटीतली प्रत्येक फोड तपासत होते. थोरला समोर मांडी घालून, हात पसरून. त्याला एवढा वेळ थांबता येतं हे मला पुण्यात कधी दिसलं नव्हतं.

माझ्या लहानपणी बाबांची पाळी असे. रात्रपाळी करून आले की पडदे ओढलेले, रेडिओ बंद, आणि आई त्यांची झोप होईपर्यंत कुकर लावत नसे. मी आणि दादा जिन्यात खेळायचो. आम्हाला जवळ घेऊन बसायला त्यांना वेळ नव्हता आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, घर त्या पाळ्यांवर उभं राहिलं. पण आज ती वाटी बघून बरं वाटलं. त्यांनाही हे मिळायला हवं होतं.

संक्रांत

दिवसभर गच्चीवरून आरडाओरडा. येवल्याइतकं नाही, तिथे तर तिन्ही दिवस बाजार बंद ठेवून माणसं घरांच्या धाब्यांवर असतात, पण आमच्या जेलरोडलाही कमी पतंग नव्हते. दादाची जुनी आसारी, मांजा गुंडाळायची, बाबांनी माळ्यावरून काढली. थोरल्याला तिचा खडखड आवाजच जास्त आवडला, पतंगाकडे त्याने पाहिलं नाही.

एका गोष्टीवर मी सकाळपासून अडून बसले होते. आज स्कूटरवर पुढे उभं करून मुलाला कुठेही न्यायचं नाही. नायलॉन मांजावर बंदी येऊन इतकी वर्षं झाली, तरी दर संक्रांतीला कुणाचा तरी गळा चिरल्याची बातमी येतेच, आणि स्कूटरवर पुढे उभ्या मुलाचा गळा सगळ्यांत आधी. विकणारे विकतात आणि घेणारे घेतात, याचा मला फार राग आहे. बाबांनी काही न बोलता स्कूटरची किल्ली देवघरात ठेवून दिली. मग दोघं पायीच स्टेशनला गेले, रेल्वे बघायला.

थोड्या वेळाने मीही धाकटीला घेऊन मागोमाग गेले, म्हणून मला हे दिसलं. पादचारी पुलाच्या पायऱ्या. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून ते एका पायरीवर दोन्ही पाय टेकवतात आणि मग पुढची पायरी घेतात. थोरलाही त्याच्या वयाप्रमाणे तसाच चढतो. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, कुणी कुणाला ओढत नव्हतं. माणसं दोन्ही बाजूंनी भराभर उतरत होती आणि हे दोघं कठड्याला धरून एकाच चालीने वर गेले. वर पोचल्यावर मालगाडी आली. बाबा डबे मोजू लागले, थोरला "अजून, अजून" म्हणत राहिला.

धाकटी झाल्यापासून त्याला दिवसभर ऐकावं लागतं, तू आता दादा झालास, दादा असं करत नाही, दादाने द्यायचं असतं. शेजारी म्हणतात, दुकानदार म्हणतात. बाबा त्याला एकदाही दादा म्हणाले नाहीत. इथे तो नुसता नातू आहे, लहान आहे, कडेवर बसायचा हक्क आहे. अडीच वर्षं हे काही मोठं होण्याचं वय नाही, हे मी आता कुणालाही तोंडावर सांगणार आहे.

संध्याकाळी बोरन्हाण. धाकटीची पहिली संक्रांत. आईने तिच्या चंद्रकळेच्या जुन्या पदरातून झबलं शिवून ठेवलं होतं, काळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. हलव्याचे दागिने शेजारच्या काकूंनी केले, मुकुट, हार, बाजूबंद. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करता येतं, तेव्हा दोन पाट मांडा, असं बाबांनी फर्मान काढलं. त्यामुळे थोरलाही काळा सदरा घालून बसला. औक्षण होईपर्यंत टिकला, मग मुकुटातला हलवा एकेक तोडून खाऊ लागला.

आईशी माझं आधीच बोलणं झालं होतं. डोक्यावरून ओतायचं ते फक्त चुरमुरे आणि थोडी चॉकलेटं. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगा हे सगळं मोठ्या मुलांना वेगळ्या पिशव्यांत. सात महिन्यांची पोर हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि बोराची बी किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर सण बाजूलाच राहील. आई म्हणाली, "बोरांशिवाय कसलं बोरन्हाण गं," आणि मग स्वतःच तोडगा काढला. चार मोठी बोरं धुऊन धाकटीच्या मागे सुगडात ठेवली, तिथूनच त्यांचा मान झाला. चुरमुरे पडायला लागले तशी धाकटी दचकली, ओठ काढला, आणि मग वर बघून हात हलवायला लागली. गल्लीतली मुलं पाटाभोवती तुटून पडली होती. थोरल्याने दोन्ही मुठी भरल्या आणि एक चुरमुरा बहिणीच्या तोंडापाशी नेला. मी हात पुढे केला तोवर त्याने तो स्वतःच खाल्ला.

रात्री तिच्या जावळातून चुरमुरे काढताना आई खूप बोलली. बऱ्याच महिन्यांनी एवढी बोलली.

पहाटे धाकटी उठली. मी पाजत होते तर दाराशी आई. "दे, मी फिरवते, तू पड." तिला बीपीची गोळी चालू आहे, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. मी नाही म्हटलं. ती गेली नाही, खुर्चीत बसून राहिली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला. बाबांनी तिघांचा चहा टाकला होता.

कर

आज निघायचं होतं. हे पुण्याहून गाडी घेऊन येणार होते. आईने काल परस्पर फोन करून सांगितलं, "उद्या कर आहे, करीच्या दिवशी लेकराबाळांना घेऊन प्रवास नको. परवा या." ते हो म्हणाले. मला आवडलं. एक दिवस जास्त मिळाला आणि जे बोलायचं राहत होतं ते बोलून झालं.

सोमवारपासून मी कामावर रुजू होतेय. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते. ती आणि साठवलेली रजा, दोन्ही संपल्या. आईच्या मनात कधीपासून होतं ते आज ती म्हणाली. "आम्ही येतो पुण्याला. बाबांनाही चालेल. दोघांना आम्ही बघू."

माझं उत्तर आधीच ठरलेलं होतं, तरी तोंडातून निघायला वेळ लागला. मी म्हटलं, आई, तुम्ही या, हवं तेवढं राहा, पण मुलं सांभाळायला नको. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय करावी लागते, हे त्याच दुरुस्तीत आलं. आमच्या ऑफिसने खालच्या मजल्यावर केली आहे. दिवसातून चार वेळा मी खाली जाऊन तिला भेटू शकते, पाजू शकते. थोरल्यालाही तिथेच घेणार आहेत. मी जाऊन बसून आले, बायका नीट आहेत, मुलांशी बोलतात.

"परक्याच्या हातात," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

मी तिला पाटाची आणि नळाची आठवण करून दिली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रोज, दोन मुलं, त्यातलं एक पळणारं. ते काम आहे. पगार घेऊन करणाऱ्या बायकाही आळीपाळीने करतात. साठी-सत्तरीतल्या माणसांनी फुकट, एकट्याने, अनोळखी शहरात, चौथ्या मजल्यावर ते का करावं? माझ्या कितीतरी मैत्रिणींच्या आया हे करताहेत. त्यांचं फिरायला जाणं सुटलंय, भजनीमंडळ सुटलंय, नवरा एका गावात आणि बायको दुसऱ्या गावात अशी संसाराची फाळणी झालीय. नातवंडांवर जीव आहे म्हणून कुणी तोंड उघडत नाही. जीव आहे म्हणूनच तो असा वापरू नये असं मला वाटतं. बाबांची द्राक्षाची वाटी मला तशीच हवी आहे, सावकाश भरलेली. ऑफिसला निघायची घाई आणि "बाबा, झालं का" अशी हाक त्या वाटीवर नको.

बाबा खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते. पान उलटलं नाही त्यांनी. मग म्हणाले, "ती बरोबर बोलतेय." आणि थोड्या वेळाने, "रंगपंचमी झाली की येऊ आपण. पंधरा दिवस राहू. कंटाळा आला तर आधी परत." रंगपंचमीच्या आधी ते नाशिक सोडणार नाहीत, हे मला माहीत होतं. गावातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या की दर वर्षी एकदा तरी बघून यायचंच.

आई काही न बोलता उठली. ओट्याशी गेली, डबे सरकवले. मला वाटलं, दुखावली. धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली, म्हणून मला उठता येईना. बराच वेळ भाजण्याचा वास येत राहिला.

मग आतूनच आवाज आला. "वही घे. त्या पाळणाघरातल्या बायांना लिहून दे. खिमटाला दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून रवाळ काढायचं. मी आत्ता महिन्याचं करून देतेय, पुढचं तू कर. जिरं थोडंच. शिजवताना पाणी भरपूर, वरून तूप. आणि असं लिही की हिला घाई केलेली चालत नाही. घास तोंडात धरून बसते. गिळल्याशिवाय दुसरा चमचा पुढे करायचा नाही."