आत्याचं पोर्ट्रेट, आठवडा सहावा : चेहरा करडा केला

अखेर चेहरा बसला. पाच आठवडे आत्याच्या कांतीसाठी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे मातकट पिवळे-तांबूस रंग कालवत होतो, तो थर खरवडून काढला आणि अख्खा चेहरा करड्या छटांत उभा केला. हे बळ एमी शेराल्डच्या चित्रांनी दिलं.

ही अमेरिकन चित्रकार कृष्णवर्णीय माणसं रंगवते. कांती करडी, कपडे आणि पार्श्वभूमी मात्र खणखणीत रंगांत. मिशेल ओबामांचं तिचं २०१८ चं पोर्ट्रेट बहुतेकांनी पाहिलं असेल. सहा फूट उंच कॅनव्हास, फिकट निळी पार्श्वभूमी, पायघोळ झगा आणि त्यावर टेकलेले करडे हात. मी स्क्रीनवरच पाहिलंय, पण तासन्‌तास. आपल्याकडे माणूस दिसायच्या आधी गोरा, गव्हाळ, सावळा हे ठरतं. तिथे ते ठरवताच येत नाही, नजर थेट डोळ्यांना भिडते. मला हे फार मोठं वाटतं.

आता कामाचं. आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट मिसळलं की करडा निळसर होतो. त्यात माझी पार्श्वभूमी हळदी पिवळी, तिच्याशेजारी तो आणखीच जांभळट दिसायला लागला, आत्या आजारी वाटत होती. नेपल्स यलो थोडा थोडा घालत गेलो, तेव्हा कुठे गालात ऊब आली. सावलीत तो अगदी कमी, कपाळावर जास्त. नाकाच्या बाजूच्या वळणावर पाच टोन लागले, तिथेच रविवार गेला. ठाण्याच्या पावसाळी हवेत आयव्हरी ब्लॅक सुकायचं नाव घेत नाही, म्हणून थर पातळच ठेवतोय.

चेंदणीहून आत्या बघायला आली. बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "आईचा फोटो आहे ना भिंतीवरचा, तशी दिसतेय रे मी." आजीचा तो एकच फोटो, ब्लॅक अँड व्हाइट. शेराल्डच्या करड्याची मुळंही कृष्णवर्णीयांच्या जुन्या फोटोंत आहेत, हे आत्याला कुठून माहीत असणार!

साडीचा रामा रंग सपाट भरून झालाय. हात उरलेत. हिरव्या बांगड्यांची झाक मनगटावर पडते, ती करड्यात घ्यायची की गाळायची, यावर अडलोय. तुम्ही काय कराल?